गेलेलें यान परत कसें येतें?

यान अवकाशांत कसें जातें, हें आतां बहुतेकांस ठाऊक झालें आहे. अग्निबाण पेटतो, ज्वाळांचा लोट उठतो, आणि पाहतां पाहतां तो दिसेनासा होतो. हा देखावा डोळ्यांत भरणारा असल्यामुळें त्याचें वर्णन वारंवार होतें. परतीचा प्रवास मात्र बातमीच्या शेवटच्या ओळींत उरकला जातो : यान सुखरूप उतरलें. हे तीन शब्द खरे ठरण्यासाठीं काय काय घडावें लागतें, आणि एकदां परत आलेलें यान दुसऱ्यांदा वापरणें इतकें अवघड कां आहे, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांस वाटतें कीं, उंची हीच खरी अडचण. वस्तुतः पृथ्वीभोंवतीं फिरणारें यान फारसें उंच नसतें. पुष्कळशीं यानें चारशें किलोमीटरांच्या आसपास फिरत असतात. मुंबईहून कोल्हापूरला रस्त्यानें जावें, साधारण तेवढेंच हें अंतर. खरी अडचण आहे ती वेगाची. तें यान सेकंदास सुमारें पावणेआठ किलोमीटर, म्हणजे ताशीं जवळ जवळ २८ हजार किलोमीटर या वेगानें धावत असतें. मुंबई ते पुणें हा १९२ किलोमीटरांचा लोहमार्ग या वेगानें पंचवीस सेकंदांत संपेल. आणि हा वेग कांहीं हौसेचा नव्हे. यान सतत खालीं पडतच असतें. परंतु तें इतक्या वेगानें पुढें जात असतें कीं, जितकें तें पडतें तितकीच पृथ्वीची गोलाई त्याच्याखालून वळत जाते. वेग कमी झाला कीं, कक्षा सुटली.

आतां शाळेंत शिकलेला एक नियम आठवावा. धावणाऱ्या वस्तूच्या अंगीं जी शक्ति असते, ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ति चौपट होते. तिप्पट झाला तर नऊपट. आजच्या विषयाची किल्ली या एका नियमांत आहे. कक्षेंत फिरणाऱ्या यानाच्या प्रत्येक किलोग्रॅमांत गतीच्या रूपानें जी शक्ति सांठलेली असते, ती एक किलोग्रॅम चांगला दगडी कोळसा जाळला असतां जितकी उष्णता मिळेल, जवळ जवळ तितकी असते. अमेरिकेचें स्पेस शटल हें यान परत येतांना सुमारें शंभर टन वजनाचें असे. म्हणजे शंभर टन कोळशाची उष्णता अर्ध्या पाऊण तासांत कोठें तरी टाकून द्यावयाची, आणि तीहि आंतील सात माणसांना झळ न लागतां! शक्तीचा नाश होत नाहीं, हें आपणांस ठाऊकच आहे. ती कोणाच्या तरी पदरांत घालावी लागते. ती यानाच्या पदरांत पडली तर यानाची राख. हवेच्या पदरांत पडली तर सुखरूप परतणें. परतीची सारी विद्या ती हीच.

येथें कोणी विचारील कीं, ज्या अग्निबाणानें वेग दिला, त्यालाच उलट तोंड करून वेग कां काढून घेऊं नये? तत्त्वतः तसें करतां येईल. परंतु हिशेब पाहा. शंभर टनांचें शटल वर पोंचविण्यासाठीं उड्डाणाच्या वेळीं इंधनासह सुमारें दोन हजार टनांचा डोलारा उभा करावा लागे. तितकाच वेग पुन्हा काढून घेण्याइतकें इंधन बरोबर न्यावयाचें, तर तें इंधन वर नेण्यासाठीं आणखी इंधन, आणि त्यासाठीं आणखी, अशी कधीं न संपणारी साखळी लागते. उलट हवा ही आयतीच पसरलेली आहे, आणि तिला मोल पडत नाहीं. म्हणून अग्निबाणाचें काम फक्त परतीस आरंभ करून देण्याचें. शटल आपली शेपटी पुढें करून दोन इंजिनें कांहीं मिनिटें चालवी, आणि त्यानें २८ हजारांतून ताशीं अवघे तीनशें किलोमीटर इतकाच वेग कमी होई. तेवढ्यानेंहि त्याची वाट पृथ्वीकडे झुके, आणि उरलेला सारा वेग हवा काढून घेई.

हवा आणि यान यांची गांठ पडते तेव्हां यान तापतें तें घर्षणानें, असें आपण सहज म्हणतों. तें पूर्ण खरें नाहीं. सायकलीच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें तोंड गरम होतें, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. तेथें उष्णता मुख्यतः उत्पन्न होते ती हवा दाबली गेल्यामुळें. इतक्या वेगानें येणाऱ्या यानापुढील हवेला बाजूस सरण्यास अवधिच मिळत नाहीं. ती यानासमोर दाबली जाते आणि इतकी तापते कीं, तिचे रेणु फुटूं लागतात. यानाभोंवतीं विद्युद्भारित वायूचें झगझगीत आवरण तयार होतें. कांहीं यानांच्या बाबतींत या आवरणांतून नभोवाणीच्या लहरीहि पार जात नाहींत, आणि कांहीं मिनिटें आंतील माणसांशीं बोलणें बंद पडतें.

मग यानाचा आकार कसा असावा? सामान्य बुद्धि सांगेल कीं, बाणाच्या टोकासारखा निमुळता. आरंभीं शास्त्रज्ञांनाहि तसेंच वाटत होतें. १९५१ सालीं अमेरिकेंतील हॅरी ज्युलियन अ‍ॅलन यांनीं नेमका उलटा विचार मांडला : पुढील भाग बोथट असावा. रुंद फळी पाण्यांत आडवी ढकलली, तर तिच्यापुढें पाण्याचा फुगवटा साचतो. त्याप्रमाणें बोथट यानापुढें दाबलेल्या हवेची जाड लाट उभी राहते, आणि ती यानाला थोडी दूर राखूनच चालते. उष्णतेचा फार मोठा भाग त्या लाटेंतच उत्पन्न होतो आणि बाजूच्या हवेबरोबर निघून जातो. निमुळतें टोक असेल तर लाट अंगाला चिकटते आणि टोकच वितळतें. माणसें घेऊन येणारीं यानें पाहिलीं, तर त्यांचा तळ पसरट कां, आणि पंख असलेलें यान पोट पुढें करून कां येतें, याचें उत्तर अ‍ॅलन यांच्या या विचारांत आहे.

इतकें करूनहि जी उष्णता यानाच्या अंगावर येते ती थोडी नव्हे. तिच्यापासून बचाव करण्याच्या मुख्य रीती दोन. पहिली आपल्या मातीच्या रांजणाची. रांजणांतून पाझरलेलें पाणी वाफ होऊन जातांना आपल्याबरोबर उष्णता नेतें, आणि आंतील पाणी गार राहतें. यानाच्या तळाला असें एक द्रव्य बसवितात कीं, तें वरून हळूहळू जळत, करपत जातें, आणि त्याचा वायु जातांना उष्णता घेऊन जातो. कवच झिजतें, यान वांचतें. रीत भरंवशाची खरी; परंतु कवच खर्ची पडतें. यान पुन्हा वापरावयाचें तर तें तपासून लागेल तसें बदलावें लागतें.

दुसरी रीत निखाऱ्यावरील राखेची. रात्रीं शेगडींत निखारे राखेनें झांकले, तर आंत विस्तव धगधगत असतां वरच्या राखेला बोट लावतां येतें. कारण राखेंतून उष्णता फार सावकाश जाते. स्पेस शटलच्या पोटावर अशाच गुणाच्या फरश्या होत्या. शुद्ध वाळूपासून काढलेल्या सिलिकेच्या बारीक तंतूंच्या त्या बनविलेल्या असत, आणि त्यांत नऊ दशांश भाग केवळ पोकळ जागा असे. भट्टींतून लालबुंद काढलेली अशी फरशी कांहीं सेकंदांतच कोपऱ्यांना धरून उघड्या बोटांनीं उचलून दाखवीत. प्रत्येक यानावर वीस हजारांहून अधिक फरश्या, आणि बहुतेक प्रत्येकीचा आकार वेगळा. नाकाचें टोक व पंखांची पुढची कड येथें उष्णता १,६०० अंशांच्याहि वर जाई. तेथें कार्बनचीं खास बनविलेलीं कवचें बसविलीं होतीं. आणि या सर्वांच्या आड यानाचा सांगाडा होता साध्या अ‍ॅल्युमिनियमचा! त्याला १७५ अंशांपलीकडे तापूं द्यावयाचें नाहीं, असा नियम होता. बाहेर भट्टी, आंत माणसें, आणि मधें कांहीं सेंटिमीटरांची भिंत.

आतां शटलची एक परतीची सफर डोळ्यांसमोर आणूं. ज्या धावपट्टीवर उतरावयाचें, तिच्यापासून अर्धी पृथ्वी दूर असतांनाच परतीचीं इंजिनें चालविलीं जात. सुमारें १२० किलोमीटरांच्या उंचीवर हवेचा पहिला स्पर्श होई. तेव्हांहि धावपट्टी आठ हजार किलोमीटर दूर असे. तेथें यान आपलें नाक चाळीस अंश वर उचलून पोट पुढें करी. उतार फार तीव्र झाला तर उष्णता आणि दाब असह्य होणार. फार मंद झाला तर तापण्याचा काळ लांबणार आणि यान मुक्कामाच्या पुढें निघून जाणार. या दोहोंच्या मधली वाट अरुंद. जास्तीचा वेग मोडण्यासाठीं यान एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे कलून नागमोडी वळणें घेई. घाटांतला रस्ता सरळ खालीं न उतरतां वळणें घेत उतरतो, तसाच हा प्रकार.

वेग आवाजाच्या वेगाहून कमी झाला कीं, यान विमानासारखें होई; परंतु इंजिन नसलेल्या विमानासारखें. प्रवासी विमान तीन अंशांच्या उतारानें उतरतें. शटल जवळ जवळ वीस अंशांच्या उतारानें येई. चुकलें तर पुन्हा एक फेरी मारून येऊं, ही सोय नाहीं. जमीन जवळ आली कीं नाक उचलावयाचें, चाकें बाहेर काढावयाचीं, आणि ताशीं सुमारें साडेतीनशें किलोमीटरांच्या वेगानें धावपट्टीला टेंकावयाचें. १४ एप्रिल १९८१ रोजीं जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन यांनीं ‘कोलंबिया’ हें पहिलें शटल कॅलिफोर्नियांत असें उतरविलें. कक्षेंत जाऊन पंखांवर परत आलेलें आणि पुन्हा कक्षेंत गेलेलें पहिलें यान तें हेंच. सोव्हिएत रशियानें १५ नोव्हेंबर १९८८ रोजीं आपलें ‘बुरान’ हें यान आंत माणूस नसतांना यंत्रांच्याच हातीं ठेवून उतरवून दाखविलें. परंतु त्याचें दुसरें उड्डाण झालें नाहीं.

येथवर सारी विजयाची कथा झाली. परंतु परत येणें आणि पुन्हा उडण्यास योग्य असणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें ज्या प्रसंगानें जगाला शिकविलें, तो सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं.

१६ जानेवारी २००३ रोजीं ‘कोलंबिया’ आपल्या अठ्ठाविसाव्या सफरीवर निघालें. आंत सात जण होते. त्यांत आपल्या कर्नाल गांवीं जन्मलेल्या कल्पना चावला याहि होत्या. उड्डाणानंतर ८२ सेकंदांनीं बाहेरच्या इंधनटाकीवरील फेसाच्या वेष्टनाचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. तुकडा सुमारें पाऊण किलोग्रॅमचा, हातानें चुरडावा इतका हलका. परंतु तो आणि पंख यांची गांठ ताशीं आठशें किलोमीटरांच्या आसपासच्या वेगानें पडली होती, आणि शक्ति तर वेगाच्या वर्गानें वाढते! कार्बनच्या कवचाला भोक पडलें. वर जातांना आणि कक्षेंत फिरतांना त्यानें कांहींच बिघडलें नाहीं. १ फेब्रुवारीस परततांना मात्र त्या भोकांतून तापलेली हवा पंखांत शिरली, आंतील अ‍ॅल्युमिनियम वितळलें, आणि उतरण्यास सुमारें सोळा मिनिटें उरलीं असतां यान टेक्सास प्रांतावर विखुरलें. सातहि जण गेले.

पुढें चौकशी झाली. त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत तसाच फेसाचा तुकडा तितक्याच वेगानें खऱ्या कवचावर झाडून पाहण्यांत आला, तेव्हां सुमारें चाळीस सेंटिमीटरांचें भगदाड पडलें. परंतु चौकशी मंडळानें त्याहून जड अशी एक गोष्ट पुढें मांडली. फेसाचे तुकडे पूर्वींच्या उड्डाणांतहि सुटत होते, फरश्यांवर आदळतहि होते. प्रत्येक वेळीं यान परत आलें. म्हणून जो दोष होता तो हळूहळू नित्याचा मानला गेला. यान कक्षेंत असतांना कांहीं अभियंत्यांनीं त्या पंखाचीं छायाचित्रें मिळावींत म्हणून विनंति केली होती. तीहि वरच्या पायरीवर थांबली. एकदांच वापरावयाच्या वस्तूच्या बाबतींत हा मोह उत्पन्न होत नाहीं. पुन्हा पुन्हा वापरावयाच्या वस्तूच्या बाबतींत मात्र प्रत्येक सुखरूप परत येणें आपणांस थोडें बेसावध करतें. परत आलेलें यान हें साक्षीदार आहे. त्याची उलटतपासणी करावी लागते. तें आलें एवढ्यावरूनच त्याला निर्दोष ठरवितां येत नाहीं.

शटल १३५ वेळां उडालें आणि जुलै २०११ मध्यें निवृत्त झालें. पुन्हा वापरल्यानें प्रवास स्वस्त होईल, ही मूळची अपेक्षा मात्र फळाला आली नाहीं. हजारों फरश्या एकेक करून तपासाव्या लागत. एकाच यानाचीं दोन उड्डाणें सर्वांत लवकर झालीं तीं १९८५ सालीं. त्यांतहि ५४ दिवस गेले.

यानंतर निराळा मार्ग पुढें आला. अग्निबाणाचा सर्वांत मोठा आणि खर्चिक भाग म्हणजे त्याचा खालचा खंड. तो कक्षेपर्यंत जातच नाहीं. सेकंदास दोन किलोमीटरांच्या आसपास वेग आला कीं, तो सुटून वेगळा होतो. आतां तो वर्गाचा नियम पुन्हा लावून पाहा. पावणेआठाच्या जागीं दोन. म्हणजे वेग जवळ जवळ एक चतुर्थांश, आणि शक्ति सुमारें एक पंधरांश. जी अडचण शटलला भट्टींत घालते, ती येथें पंधरा हिश्शांनीं हलकी होते. अमेरिकेंतील स्पेसएक्स या संस्थेनें आपल्या ‘फाल्कन-९’ या अग्निबाणाचा खालचा खंड परत आणावयाचें ठरविलें, त्यांत ही शहाणी निवड होती.

हा खंड चाळीस मीटरांहून उंच, एखाद्या नळकांड्यासारखा. सुटल्यावर तो उलटा फिरतो आणि इंजिनें खालीं करून येतो. दाट हवा लागण्यापूर्वीं कांहीं इंजिनें थोडा वेळ चालवून तो वेग घटवितो. मग वरच्या टोंकाला असलेले चार जाळीदार पंखे इकडे तिकडे वळवून दिशा साधतो. अखेरच्या क्षणीं मधलें इंजिन पेटतें, चार पाय उघडतात, आणि तो उभ्यानें टेंकतो. तळहातावर काठी उभी तोलून धरावी, तसें हें काम. मात्र तोलणारा हात येथें ज्वाळेचा. यांत आणखी एक मेख आहे. इंधन संपत आल्यामुळें खंड इतका हलका झालेला असतो कीं, एकच इंजिन अगदीं मंद चालविलें तरी त्याचा जोर खंडाच्या वजनाहून अधिक भरतो. म्हणजे हवेंत क्षणभर थांबून जागा पाहावी, ही सोय नाहीं. वेग शून्य होण्याचा क्षण आणि जमिनीला टेंकण्याचा क्षण एकच असावा लागतो. अगोदर शून्य झाला तर खंड पुन्हा वर उचलला जाईल. नंतर झाला तर आपटेल.

डिसेंबर २०१५ मध्यें असा खंड जमिनीवर, आणि ८ एप्रिल २०१६ रोजीं समुद्रांतील तरत्या फलाटावर उतरला. ३० मार्च २०१७ रोजीं एकदां उडून आलेला खंड दुसऱ्यांदा उडाला. २०२५ च्या मार्चमध्यें तर एक खंड नऊ दिवसांतच पुन्हा उडाला, आणि त्याच वर्षीं एका खंडाच्या सफरींची संख्या तिसाच्या पलीकडे गेली. १३ ऑक्टोबर २०२४ रोजीं याच संस्थेनें ‘स्टारशिप’ या त्याहून प्रचंड अग्निबाणाचा खालचा खंड मनोऱ्याच्या दोन यांत्रिक बाहूंनीं वरच्या वर झेलून दाखविला. परंतु हें यश मोजतांना वर्गाचा नियम विसरूं नये. फाल्कनचा वरचा खंड कक्षेच्या वेगानें जातो. तो पुन्हा वापरण्यासाठीं परत येत नाहीं.

माणसें कक्षेंतून परततात तीं अजूनहि मुख्यतः बोथट तळाच्या यानांतून. १५ जुलै २०२५ रोजीं आपले शुभांशु शुक्ला ‘ड्रॅगन’ यानांतून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रांत उतरले, तेव्हां वेगाचा मोठा भाग हवेनें घेतला होता, आणि शेवटचा थोडासा चार मोठ्या छत्र्यांनीं. हें यानहि पुन्हा वापरण्याच्या जातीचें आहे. २०२० सालीं दोघांना घेऊन गेलेलें याच जातीचें एक यान २०२१ सालीं चौघांना घेऊन पुन्हा गेलें.

आपला देशहि या वाटेवर पायरीपायरीनें चालत आहे. जानेवारी २००७ मध्यें आपल्या अवकाश संशोधन संस्थेनें, म्हणजे इस्रोनें, कक्षेंतून एक लहान कुपी परत आणून बंगालच्या उपसागरांतून उचलली. २३ मे २०१६ रोजीं श्रीहरिकोट्याहून एक पंखधारी यान सुमारें ६५ किलोमीटर उंच जाऊन आवाजाच्या पांचपट वेगानें परत आलें. मग कर्नाटकांतील चित्रदुर्गाजवळ २ एप्रिल २०२३ रोजीं, आणि पुढें २०२४ च्या मार्च व जून महिन्यांत, अशा यानास हेलिकॉप्टरनें साडेचार किलोमीटर उंच नेऊन सोडलें, आणि तें आपलें आपण धावपट्टी शोधून उतरलें. त्याचें नांव ‘पुष्पक’. टेंकण्याच्या वेळचा त्याचा वेग ताशीं ३२० किलोमीटरांच्याहि वर होता. आवाजाची पांचपट म्हणजे कक्षेच्या वेगाचा सुमारें पांचवा हिस्सा, आणि शक्तीच्या हिशेबानें पंचविसावा. हा आंकडा कमीपणाचा नव्हे. प्रथम सोपें टोंक धरावें, मग अवघड. अभ्यासाची योग्य रीत तीच. पुढचा धडा कोणता, हें मात्र या आंकड्यावरून स्पष्ट होतें.

श्रोतेहो, यापुढें कोणतेंहि यान परत आल्याची बातमी आपल्या कानीं पडेल, तेव्हां घरांतील मुलांना जवळ बसवून तीन प्रश्न विचारावे. परततांना त्याचा वेग किती होता? तो त्यानें कोणाच्या पदरांत टाकला? आणि दुसऱ्यांदा उडण्यापूर्वीं त्याची तपासणी किती कसोशीनें होणार आहे? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत सांपडतील. तिसऱ्याचें उत्तर माणसांच्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहे, आणि आंत बसणाऱ्यांचे प्राण त्याच्याच हवालीं असतात.